रडणाऱ्या नर्सने काम करू नये म्हणे

आज आमच्या हॉस्पिटलमध्ये नर्सेससाठी मोटिव्हेशनचं सेशन होतं. ट्रेनर म्हणाले, "रडणाऱ्या नर्सने हे काम करूच नये. कायम हसत राहा."

मी उभी राहिले. "सर, सकाळी माझ्या वॉर्डात देवळा गावचे एक आजोबा गेले. मी बाथरूममध्ये पाच मिनिटं रडले आणि दहाची इंजेक्शनं दहालाच दिली. ही माझ्याच वॉर्डातली सुनीता कधी रडत नाही, ती विनोद करते. तिचंही काम वेळेतच झालं."

इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, "बस आता खाली."

मी बसले, पण माफी मागितली नाही. जेवताना त्याच इन्चार्ज हळूच म्हणाल्या, "मीपण रडते गं, घरी जाताना स्कूटीवर, पार इंदिरानगरपर्यंत."

मी पुन्हा रडेन आणि ड्युटीही चोख करेन. तुम्हाला कामावर रडू आलं तर तुम्ही काय करता?