नीलाताई आणि ऐंशीचा आकडा

नीलाताई कुठलंही वेबपान उघडत आणि त्याच्या रंगरूपाकडे न बघता थेट सोर्स, म्हणजे पानामागचा कोड, काढून, पडद्यावर बोट ठेवून ओळ न् ओळ वाचत. पेणला आमचं चार टेबलांचं सॉफ्टवेअरचं ऑफिस. मी नवी, गडबहून येणाऱ्या नीलाताई सर्वांत जुन्या. काम दाखवायला गेलं की म्हणत, "पाठवलंस काय ते नको सांगू गो, पोचलं काय ते दाखव." मला ते निव्वळ कीस काढणं वाटे.

धाटावच्या एका रसायन कंपनीला आम्ही टाकीचं तापमान दाखवणारं पान करून दिलं होतं. तापमान मर्यादेत असलं की हिरवं, वर गेलं की धोक्याचं लाल. मर्यादा कंपनी ठरवी आणि पान उघडताना सर्व्हर तो आकडा त्यात भरून देई. पानातला जावास्क्रिप्ट कोडचा पसारा मला बघवेना. मी तो उचलून वेगळ्या फाइलीत नेला. पण आमचा सर्व्हर फक्त पानात आकडे भरायचा. अशी फाइल जशीच्या तशी जायची. तिच्यात मर्यादा येईना, तेव्हा मी हातानंच ८० लिहून टाकलं. त्या दिवशी तेवढीच होती. पान चाललं, मी खूश.

आठवड्यानं चहा पिताना नीलाताई म्हणाल्या, "कंपनीनं मर्यादा पासष्टवर आणलीय. सकाळपासून नवा माल चढलाय टाकीत." माझं पान अजून ऐंशीपर्यंत हिरवंच दाखवणार होतं. मी सगळं सांगून टाकलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांचे यजमान यशवंतभाऊ त्याच टाकीवर पहिल्या शिफ्टला होते.

नीलाताईंनी स्पीकरवर लावलेला कंट्रोल रूमचा फोन चौथ्या वेळी भाऊंनी उचलला.

"पडद्यावर काय दिसतंय?"

"हिरवं हाय. का गो?"

"रंग सोडा. आकडा वाचा."

"एक्काहत्तर... अगो, पासष्टच्या वर जायला नाय पायजे!"

फोन तसाच टाकून ते धावले. पावलं ऐकू आली, कुणाचं तरी ओरडणं, मग काहीच नाही. नीलाताईंनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. इतकी मी आयुष्यात कधी घाबरले नव्हते.

"थंड पाणी सोडलंय," भाऊ धापा टाकत बोलले. "उतरतंय."

नीलाताईंनी आकडा पुन्हा पानात आणला, तिथून तो उचलायला फाइलीला शिकवलं, सोर्स काढून 'पासष्ट' असं दोनदा मोठ्यानं वाचलं.

दुसऱ्या सकाळी मीच म्हटलं, "ताई, ते पान दुसऱ्या कुणाला द्या. मला भीती वाटते."

"व्हय? मग आजपासून त्याला तूच हात लावायचा. न भिणारं माणूस मला तिथं नको."

यशवंतभाऊ त्या दिवशीही पहिल्या शिफ्टला गेले होते.