मामांच्या नावाचं वॉरंट

माझ्या बायकोच्या मामांना देवानं दोन हात दिले ते एकानं थांबवायला आणि दुसऱ्यानं सोडायला, याबद्दल आमच्या घरात कोणालाच शंका उरलेली नाही. नोकरी त्यांनी पाटबंधारे खात्याच्या गोदामात केली. तिथं हाताखाली सिमेंटच्या गोण्यांशिवाय कोणी नव्हतं, आणि गोण्या आपापल्या जागी गपगुमान पडून असत. त्या शांततेचा सूड त्यांनी गारखेड्याच्या रस्त्यांवर उगवला. कुठं चार गाड्या अडकल्या की मामा हातातली भाजीची पिशवी शेजारच्या अनोळखी माणसाकडं सोपवून चौकाच्या मधोमध उभे राहत. त्यांच्या चेहऱ्यावर असा काही सरकारी भाव असे की पिशवी धरलेला माणूस कोंडी सुटेपर्यंत जागचा हलत नसे. एकदा एका पिशवीवाल्याची बस निघून गेली, आणि ती मामांनीच सोडली होती. एका रिक्षावाल्यानं त्यांना अदबीनं सांगून पाहिलं, "चचा, सिग्नल चालू है." मामा म्हणाले, "सिग्नल को आँखां हैं क्या? मेरेकू हैं. रुक." तो बिचारा थांबला आणि मागच्यांच्या शिव्या खात राहिला.

रस्ता नसला तरी मामांचं अडत नसे. माझ्याच लग्नात आहेर द्यायला आलेल्या पाहुण्यांच्या त्यांनी दोन रांगा केल्या, एक नवरीकडची, एक नवऱ्याकडची, आणि आळीपाळीनं माणसं स्टेजवर सोडू लागले. मी जरा हात धुवायला खाली उतरलो होतो. परत येताना त्यांनी मला पायऱ्यांपाशीच अडवलं. "तुमच्या बाजूचे आत्ताच गेले. थांबा." मी म्हणालो, "मामा, मी नवरदेव आहे." "म्हणून मधीच घुसायचं व्हय?" मामा म्हणाले. मुंडावळ्या सावरत मी रांगेत उभा राहिलो. माझ्यापुढं माझ्याच ऑफिसातले एक गृहस्थ होते, त्यांनी आहेराचं पाकीट तिथंच माझ्या हातात दिलं आणि जेवायला गेले.

या कारकिर्दीचा कळस झाला तो वैजापूरला, त्यांच्या सासुरवाडीत. धोंड्याचा महिना होता. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घातले, नवा सदरा आणि टोपी दिली. त्या वेषात मामा पान खायला निघाले, तर बाजारात कांद्याचे ट्रॅक्टर एकमेकांत अडकून बसलेले. मामांचं ऐकलं तर त्यांनी बघता बघता सगळं वैजापूर मोकळं केलं. शेवटी एका पोलिसानं त्यांना बाजूला घेतलं आणि नाव-पत्ता लिहून घेतला. पोलीस भल्या माणसाचं नाव-पत्ता कशासाठी लिहून घेतो? मामांच्या मते, सत्कारासाठी. सासऱ्यांनाही कळावं आपला जावई काय चीज आहे, म्हणून त्यांनी पत्ता मुद्दाम सासुरवाडीचा दिला. सत्काराचं पत्र कित्येक वर्षं आलं नाही. विषय निघाला की मामा म्हणत, "सरकारी काम आहे. येईल."

निवृत्तीनंतर मात्र त्यांचं काहीतरी बिनसलं. गुडघे कुरकुरू लागले, आणि एका मोटारसायकलवाल्यानं भर चौकात त्यांना "आजोबा, बाजूला व्हा" म्हणून सांगितलं. तेव्हापासून ते खिडकीत बसून राहायचे. खाली गाड्या अडकल्या तरी नुसते बघायचे. मामींनी मला बोलावून घेतलं. "जावईबापू, काय बी करा, पण यांना घराबाहेर काढा. घरात मी अन् मांजर. आम्ही दोघी बी यांनी सांगितल्यावर थांबत नाय." योगायोगानं जवळच्या एका शाळेला फाटकापाशी मुलांना रस्ता ओलांडून द्यायला माणूस हवा होता. शिट्टी, नारिंगी जाकीट आणि "थांबा" लिहिलेली पाटी शाळेचीच. मी हे सांगितलं तेव्हा मामांनी उठून आरशात पाहिलं. कितीतरी दिवसांनी त्यांना असं उठताना बघून मलाही बरं वाटलं. अट एकच होती: शाळा उघडण्याआधी पोलिसांचा चारित्र्याचा दाखला आणायचा, नाहीतर दुसरा माणूस तयार होता.

ठाण्यातला हवालदार संगणकात बघत म्हणाला, "काका, वैजापूरहून तुमच्या नावाचं एक निघालंय."

मामा विजयी मुद्रेनं माझ्याकडं वळले. "बघा. आलं शेवटी."

"वॉरंट आहे," हवालदार म्हणाला. "जुनं. रहदारीला अडथळा केल्याचं. समन्स काढली होती, तुम्ही कोर्टात हजरच झाला नाहीत."

मामा टेबलावरून वाकून संगणकाच्या पडद्यात डोकावले. मग त्यांनी हळूच विचारलं, "अन् सत्कार?"

अडथळा या शब्दानं त्यांचा जीव जेवढा जाळला तेवढा वॉरंटनं जाळला नाही. आम्ही गाठलेल्या वकिलांनी समजावलं, गुन्हा किरकोळ आहे, कबूल करा, थोडा दंड होईल, प्रकरण मिटेल आणि दाखलाही मिळेल. लढायला बसलात तर तारखा पडत राहतील आणि शाळा उघडून जाईल. मामा ऐकेनात. "ज्यानं कोंडी सोडवली त्यानंच अडथळा केला म्हणायचं? नोकरी गेली तरी चालंल." त्यांनी खिसाभर काड्यापेट्या घेतल्या. प्रत्येक काड्यापेटी म्हणजे एक ट्रॅक्टर. त्या कोर्टाच्या टेबलावर मांडून ते न्यायाधीशांना सगळं समजावणार होते.

वैजापूर जवळ येऊ लागलं तसे बसमध्ये मामा आपणहून सांगू लागले. त्या धोंड्यानंतर सासुरवाडीनं त्यांना परत कधी बोलावलंच नव्हतं. मामी एकट्याच माहेरी जायच्या. मामांनीही मग तिकडं पाय न ठेवण्याचा पण केला. आबा शेवटच्या आजारात होते तेव्हा भेटायलासुद्धा गेले नाहीत. आता कोर्टात गावचं कोणीतरी ओळखीचं सोबत असावं म्हणून नाइलाजानं मेहुण्याच्या दारात उभं राहायचं होतं.

मेहुण्यानं ओट्यावर सतरंजी टाकली, पाणी दिलं आणि वॉरंटचं ऐकून मान खाली घातली. "मला ठाऊक होतं, दाजी. पोलीस इथंच यायचे. आबा त्यांना या ओट्यावर बसवून चहा पाजायचे अन् सांगायचे, जावई इथं राहत नाहीत. ते काय खोटं नव्हतं. पोलिसांनी तुमचा पत्ता विचारला की म्हणायचे, माझ्या घरी धोंडे जेवायला आलेला जावई मी तुमच्या ताब्यात देऊ व्हय?"

"मग मला कोणी का नाय सांगितलं?"

"जावयाला तोंडावर कसं सांगायचं, तुमच्यावर केस झाली म्हणून? आमच्याच गावात, आमच्याच पाहुणचारात. ताईला बी सांगू दिलं नाय त्यांनी. तुम्ही गावात आला अन् कोणी धरलं तर सगळ्यांसमोर मान जायचा, म्हणून आबांनी तुम्हाला बोलवणंच बंद केलं. आहेर घेऊन मला बसनं पाठवायचे. तुम्ही मला दारातूनच परत लावायचा."

मामांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. कोर्टाची वेळ झाली होती.

आमचं नाव पुकारलं गेलं. न्यायाधीश तरुण होत्या, समोर कागदांचा ढीग होता. त्यांनी आरोप वाचला आणि विचारलं, "गुन्हा कबूल आहे?" मी डोळे मिटून काड्यापेट्यांची वाट पाहू लागलो.

"कबूल आहे," मामा म्हणाले.

"काही सांगायचंय?"

"नाय, बाईसाहेब."

दंड भरला, वॉरंट रद्द झालं, आणि पुढं दाखलाही वेळेत मिळाला. मामा आता शाळेच्या फाटकापाशी जाकीट घालून उभे असतात. पहिल्याच सकाळी त्यांनी मुख्याध्यापिकेची गाडी अडवून आधी एक कुत्रं पलीकडं जाऊ दिलं, असं मामी कौतुकानं सांगतात. त्यांची भूक परतली आहे, आवाज परतला आहे आणि गारखेड्यातले रिक्षावाले पुन्हा वैतागले आहेत.

पण त्या दिवशी कोर्टातून निघाल्यावर मामा स्टँडकडं वळले नाहीत. परत मेहुण्याच्या घरी गेले आणि कोणाला काही न विचारता ओट्यावर जाऊन बसले. चहा आला, तो निवून गेला. शेवटची बस चुकेल म्हणून मी दोनदा आठवण केली, तेव्हा त्यांनी हातानं मला शेजारी बसायची खूण केली.

"जाऊ द्या ती बस," ते म्हणाले. "म्हाताऱ्याला वाटत असंल, जावई अजून रागातच हाय. जरा बसू द्या इथं."