घटातली दादर

नवरात्रात घटाभोवतीच्या मातीत पेरायचं धान्य आमच्याकडे बाजारातून कधी आणत नसत. बियाण्याचं मडकं उघडायचं आणि त्यातलीच मूठभर दादर मातीत टाकायची. दादर म्हणजे आमच्या खानदेशातली रब्बीची ज्वारी, काळ्या रानात नुसत्या ओलीवर येणारी. पाचव्या दिवशी घट दाट उगवलेला दिसला की आबा, म्हणजे माझे सासरे, पेरणीसाठी तिफण बाहेर काढत. विरळ दिसला तर बियाणं बदलत. गाव त्याला देवीचा कौल म्हणे. सासूबाई मात्र कौलबिल काही म्हणायच्या नाहीत. त्या खाली वाकून कोंब मोजायच्या, एवढंच.

सासूबाईंना सगळे अक्का म्हणत. बियाणं हे घरात त्यांचंच खातं. कणसं निवडणं, उन्हं देणं, राख चोळून मडक्यात भरणं, यात आबाही बोट घालत नसत. अक्कांच्या हाताला गुण आहे, असं चार गावांत बोललं जाई. शेजारणी पेरणीआधी आपल्या सुपातल्या बियाण्याला त्यांचा हात लावून नेत. त्या वरवर हसून सोडून देत, पण त्यांना ते आवडे. त्यांच्या उभ्या जन्मात त्यांना स्वतःचं म्हणावं असं तेवढंच मिळालं होतं.

ऐंशीचं दशक निम्मं सरलं असेल तेव्हा मी भुसावळच्या रेल्वे कॉलनीतून लग्न होऊन पारोळ्याकडच्या त्या गावात आले. मॅट्रिकला शास्त्रात मला चांगले मार्क होते. बी रुजायला पाणी, हवा आणि ऊब लागते, हे तोंडपाठ होतं. बी ज्या कणसात भरतं त्या कणसाचे दिवस कसे गेले, यालाही काही अर्थ असतो, हे पुस्तकात नव्हतं. आणि पुस्तकात नाही ते मी मानत नसे. शहाणपण नुसतं उतू जात होतं.

तीन-चार वर्षांनी अक्कांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. माणूस आकारावरून ओळखायच्या, पण कणसातला दाणा काही दिसेना. त्या वर्षी बियाण्याची कणसं निवडायचं काम त्यांनी मला सांगितलं.

"टेकडावरलं बी लेजो, पोरी. तहान भोगेल बी दम धरस. खालना खोलगटमधलं नको."

तहान सोसलेलं बी तग धरतं, असं त्यांचं म्हणणं. आमच्या शेताचा वरचा भाग, म्हणजे ते टेकड, मुरमाड होता. तिथली दादर हाडकुळी, कणसं मुठीएवढी. खालच्या खोलगटात विहिरीचं पाणी झिरपे. तिथली कणसं अशी टपोरी की हातात मावू नयेत. मी दोन्हीकडे हिंडले आणि मनात म्हटलं, म्हातारीला आता दिसत नाही, तिला काय कळणार! आईबाप धडधाकट तर पोर धडधाकट. मी खोलगटातल्या कणसांना चिंध्या बांधून ठेवल्या. अक्कांना सांगितलं, निवडली.

वरची दादर आधी पिकली. कापून, मळून ती खाण्यासाठी घरात आलीसुद्धा. माझी चिंध्यांची कणसं मात्र अजून हिरवट, रानात उभी. त्यात फाल्गुनात अवकाळी पाऊस दोन दिवस झोडपून गेला. कणसं भिजली, पोटातच ओली राहिली. मी ती कापली, थोडी उन्हं दिली आणि दाणे काढून, राख चोळून मडक्यात भरले. पुढचा सगळा उन्हाळा ते मडकं चुलीच्या भिंतीला टेकून होतं.

आश्विनात मडकं उघडलं तेव्हा आंबूस वास आला. राख चाळून टाकल्यावर तो कमी झाला, म्हणून मी गप्प बसले. अक्कांनी चाचपत घट मांडला, शेतातल्या मातीत त्यातली मूठभर दादर पेरली, वरून पाण्याचा हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कोणी नसताना मी काडीने माती उकरून पाहिली. दाणे फुगले होते, पण कोंबाची जागा काळपट होती. बोटात धरला की दाणा पचकन फुटे. हे बी उगवणार नव्हतं, हे त्या घरात फक्त मला कळलं होतं.

त्याच वेळी अक्कांना जाऊन सांगायला हवं होतं. फार झालं असतं तर बोलणी खाल्ली असती. खाण्याच्या कोठीत टेकडावरची दादर पोत्यांनी होती. आबांनी तीच पेरली असती आणि रान भरलं असतं. पण मी माझी अब्रू बघितली. मटकीला मोड आणतात तशी मी कोठीतली दोन मुठी दादर भिजवून फडक्यात बांधली, चुलीजवळ ठेवली. तिसऱ्या दिवशी दुपारी मोड फुटलेले दाणे घटाच्या मातीत दाबले आणि आधीचे वेचून उकिरड्यावर टाकले. शास्त्राचे मार्क तिथे कामाला आले.

चौथ्या दिवशी पोपटी टोकं वर आली. अक्का रोज सकाळी येऊन विचारत, "उगनं का वं?" मी म्हणे, "उगवलं अक्का, दाट आहे." पाचव्या दिवशी त्यांनी तळहात कोंबांवरून हलकेच फिरवला, तान्ह्या मुलाच्या टाळूवरून फिरवतात तसा. त्यांचा चेहरा उजळला. "आते पेरा," त्या आबांना म्हणाल्या. मी दिव्यात तेल घालत होते. माझी मान काही वर झाली नाही.

मडक्यातलं बियाणं तिफणीने रानात गेलं. आठ दिवसांनी रान तसंच काळं. कुठेतरी एखादा कोंब, मग चार पावलं काही नाही. नांगे, म्हणजे न उगवलेल्या जागा, भरायचे म्हटलं तर भरणार कुठे कुठे? ओल उडायच्या आत आबांनी औत फिरवलं आणि हरभरा टाकला. घरावर आभाळ कोसळलं नाही. आबा म्हणाले, एखादं साल असतंच.

अक्कांना मात्र एखादं साल म्हणता येईना. घट दाट उगवला आणि रान उगवलं नाही, असं त्यांनी आयुष्यात ऐकलं नव्हतं. देवीनं बी दिलं ते आपल्या हातात मेलं, एवढाच अर्थ त्यांना लागला. "मना हातना गुन गया," त्या म्हणाल्या. ओरडून नाही, रडून नाही. हंडा गळतोय हे सांगावं तशा. त्यानंतर शेजारीण सूप घेऊन आली की त्या हात पदराखाली घेत. मडक्याला शिवेनात. तुळशीतही मलाच बी टाकायला सांगत. माझ्या एका वाक्याने त्यांचे हात परत आले असते. ते वाक्य रोज जिभेवर यायचं आणि रोज मी ते गिळायची. मी स्वतःला भित्री म्हणते, पण तो शब्दही फार सौम्य आहे.

त्या हिवाळ्यात धुळ्याला नेऊन त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन केलं. जाड भिंगांचा चष्मा लावून त्या घरी आल्या. आधी नातवंडं पाहिली, मग भिंती, मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, वाळलीस. थोड्या दिवसांनी एका सकाळी पाहिलं, तर अंगणात उन्हाला बसल्या होत्या आणि मांडीवर बियाण्याचं मडकं होतं. तळाशी उरलेली मूठभर दादर तळहातावर घेऊन त्या बोटाने एकेक दाणा उलटा करत होत्या. दाणे मोठे होते आणि प्रत्येकाचं टोक काळं होतं.

मी दारात उभी होते. त्या बराच वेळ दाणे बघत राहिल्या. मग त्यांनी ते कोंबड्यांना टाकले, मडकं चुन्याच्या निवळीने धुतलं, उन्हात पालथं घातलं. दुपारी सूप घेऊन कोठीपाशी बसल्या आणि खाण्यातली टेकडावरची दादर निवडायला लागल्या. त्या दिवशी त्यांचे हात पदराबाहेर आले ते पुन्हा आत गेले नाहीत. त्यांचा हात त्यांना परत मिळाला, यातच मी सुटका मानून घेतली. असलं बी घटात तरी कसं उगवलं, हे त्यांच्या मनात आलं असेल का, तिकडे मी मन जाऊ दिलं नाही.

पुढचं नवरात्र आलं. अक्कांनी घट मांडला. शेताची माती बोटांनी मोकळी केली, त्याच धुतलेल्या मडक्यातली मूठ पेरली, पाण्याचा हात फिरवला. मी बाजूला फुलांची माळ ओवत होते. घरात बाकी कोणी नव्हतं. हात पुसता पुसता, माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या,

"यंदा तिसरा दिन काही उगनं नही, ते माले सांगजो."