महिन्याला दीड किलो, त्याहून जास्त नाही

तमाम वाचकहो, एक अत्यंत गंभीर निवेदन करायचं आहे, तरी कृपया शांतता राखावी. मी, सुमन, वय चोपन्न, धंदा ब्लाउज शिवण्याचा, मुक्काम डोंबिवली, मधे तीन महिने वजनाच्या काट्यावर चढले नव्हते! हसू नका. सलग दोन वर्षं एकही महिना न चुकवलेल्या बाईची ही बातमी आहे. मला त्या काट्यावर चढवणारी माझी थोरली नणंद, शालिनी, दीड महिन्यापूर्वी वारली. सकाळी बाळकुमहून भाच्याचा फोन आला, "मामी, आई गेली," आणि मी हातातला ब्लाउज तसाच मशीनवर सोडून उठले, ती अजून नीट बसलेलीच नाही. हा लेखसुद्धा मी मधे चारदा उठून, दोन ब्लाउजना हुक लावून आणि गॅलरीतले कपडे वाळलेत का ते उगाच दोनदा बघून लिहितेय.

मी त्यांना वन्सं म्हणायचे, त्या मला सुमे. त्या शाळेच्या ऑफिसातून निवृत्त झालेल्या, बाळकुमच्या नव्या इमारतीत चौदाव्या मजल्यावर राहायच्या आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी न चुकता माहेरपणाला, म्हणजे आमच्याकडे यायच्या. माहेरपण कसलं, इन्स्पेक्शन! सव्वादोन वर्षांपूर्वी अशाच एका रविवारी माझा साखरेचा रिपोर्ट फ्रिजवर चिकटवलेला त्यांनी वाचला. मी तोपर्यंत सगळं करून बसले होते. दुधीचा रस प्यायले होते, शेजारणीकडची वजन उतरवायची व्हॅनिलाची पावडर खाल्ली होती, आणि एकदा तर नऊ दिवस फक्त उकडलेलं खाऊन दहाव्या दिवशी साडेपाच पुरणपोळ्या खाल्ल्या होत्या. वन्सं सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "सुमे, सत्तराव्या वर्षी जे करू शकशील ना, तेवढंच आज करायचं. सत्तराव्या वर्षी तू दुधीचा रस पिणार आहेस?" मी म्हटलं, "मी उद्यासुद्धा पिणार नाहीये." "मग झालं तर. माझंही वजन वाढलंय. आपण दोघी मिळून उतरवू. सावकाश."

सावकाश म्हणजे किती सावकाश? तर महिन्याला जास्तीत जास्त दीड किलो. हा त्यांचा कायदा. दीडच्या वर उतरलं तर ती चोरी, म्हणजे कुणीतरी गुपचूप उपाशी राहिलं किंवा पावडर खाल्ली. बाकी सगळं साधंच होतं. नाश्ता चुकवायचा नाही, दोन पोळ्या आणि भाताची एक मूद, संध्याकाळी फरसाणाऐवजी मूठभर फुटाणे, रोज पाऊण तास चालणं, मग पाहुणे येवोत की पाऊस. आणि वजन करायचं ते आमच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीत, धान्याची पोती ठेवतात त्या काट्यावर. कारण वन्संचं म्हणणं, घरातल्या काट्यावर माणूस रोज चढतो आणि रोज रडतो. गिरणीवाले बबनराव आधी डोळे विस्फारून बघत राहिले, मग त्यांना इतका रस आला की पहिल्या रविवारी ते आमची वाट बघू लागले. "वहिनी, चप्पल काढा. चपलेचं दळण मी देत नाही." मग आकडा असा मोठ्यानं पुकारायचे की ज्वारी घेऊन उभ्या असलेल्या बायका टाळ्या वाजवायच्या. मी एक्क्याऐंशीवर सुरुवात केली होती. वन्सं अठ्ठ्याहत्तरवर.

त्यांची खरी करामत बघायची ती पंगतीत. खडवलीला चुलतभावाच्या मुलीचा साखरपुडा होता. तिथला आग्रह म्हणजे, वाढणारा वाकला की तुमचं काही चालत नाही. मी "नको, नको" करत तीन जिलब्या खाऊन बसले, आणि वन्सं आपल्या शांतपणे हसतायत, कुणालाही नाही म्हणत नाहीत, आणि तरी त्यांच्या पानात काही पडत नाही! मी कोपर मारून विचारलं, "काय जादू आहे?" त्या ओठ न हलवता म्हणाल्या, "पान रिकामं दिसलं की वाढतात. एक पुरी कडेला ठेवून द्यायची आणि शेवटपर्यंत जपायची. 'अजून संपायचीय हो,' म्हणायचं. घरच्या बाईलाही वाईट वाटत नाही." परतताना नदीकाठानं स्टेशनपर्यंत चालवलं मला, भरल्या पोटी, रेशमी साडीत. मी तीन जिलब्यांबद्दल रडायला लागले तर म्हणाल्या, "खाल्ल्यास ना आवडीनं? मग आता शिव्या कशाला घालतेस त्यांना? उद्या सकाळी नेहमीसारखा नाश्ता कर. उपास केलास तर बघ!" त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा वाटलं की हे जमेल. आणि जमलंच की! दीड वर्षात माझे अकरा किलो गेले, साखर खाली आली, डॉक्टरांनी गोळी पुढे ढकलली.

आता ज्याच्यासाठी मी हे लिहितेय आणि ज्याच्यापाशी येऊन सारखी उठतेय, ते सांगते... गेल्या वर्षाच्या शेवटी एका रविवारी बबनरावांनी वन्संचा आकडा पुकारला आणि तो साडेतीन किलोंनी उतरला होता. एका महिन्यात! बायकांनी टाळ्या पिटल्या. माझा पाऊण किलो उतरलेला. मला, खरं सांगते, इतका जळफळाट झाला की मी भर गिरणीत म्हणाले, "वन्सं, ही चोरी आहे." त्या गोंधळल्या. "अगं, काही केलं नाही मी. आपोआप उतरलंय." "आपोआप माझं का उतरत नाही? कुठली पावडर घेताय सांगा ना, मीही घेते." घरी आल्यावरही मी धुसफुसतच होते. त्यांनी आणलेले दोन ब्लाउज मी बारीक करायला घेतले, छातीत दोन इंच आत घेतले, आणि शिवण घालतानाही मनात हेच, की ही बाई मला फसवतेय. माझ्या हातात मोजपट्टी होती हो... अख्ख्या डोंबिवलीच्या बायकांची मापं मला तोंडपाठ आहेत, कुणाला दिवस गेले ते मला तिच्या सासूच्या आधी कळतं. आणि पुढच्या महिन्यात आणखी तीन किलो उतरले तेव्हा मी त्यांच्याशी अबोला धरला.

मग पोटात दुखणं, मग डोळे पिवळे, मग ठाण्याच्या हॉस्पिटलात तपासण्या. स्वादुपिंडाचा कर्करोग, तोही खूप पुढे गेलेला. तिथल्या डॉक्टरबाई फाइल मिटत म्हणाल्या, "आपण काही न बदलता वजन उतरलं, तर खूश व्हायचं नसतं, दाखवायचं असतं." म्हणजे वन्संचा तो कायदा खरं तर धोक्याची घंटा होता, आणि मी तो भांडायला वापरला. महिनाभर आधी कळून काही फरक पडला असता का, हे मी डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, सांगता येत नाही. हे उत्तर घेऊन माणसानं कुठे बसायचं, तुम्हीच सांगा.

शेवटच्या आठवड्यात मी त्यांच्या पायांना तेल लावत होते. पाय कसले... तर डोळे मिटूनच म्हणाल्या, "सुमे, आता तरी मान्य कर. चोरी केली नव्हती मी." मी म्हटलं, "आधी उठून बसा, मग मान्य करते." त्या हसल्या. उठल्या नाहीत. मी मान्य केलं ते नंतर, सगळी घरी गेल्यावर, रिकाम्या पलंगाशी.

भेटायला येणाऱ्यांनी एकच पालुपद लावलं, "एवढं चालून, एवढं जपून शेवटी काय मिळालं?" मी एकीला म्हटलं, "चौदा मजले लिफ्ट बंद असताना चढायच्या त्या, ते मिळालं." पण श्रीकांत, माझा नवरा, वन्संचा धाकटा भाऊ, त्याच्या डोक्यात ते रुतून बसलं. त्याला आता बारीक होणारं माणूस म्हणजे मरणारं माणूस वाटतं. हॉस्पिटलच्या धावपळीत माझेही ब्लाउज सैल झाले होते. झालं! तिसरी पोळी ताटात, भातावर तुपाची धार, आणि समोर बसून, "खा ना गं, माझ्यासाठी खा." चालायला निघाले की बरोबर येतो आणि प्रत्येक बाकापाशी, "बस जरा, दमलीस." दळण तो स्वतः नेऊन आणू लागला, का, तर मी गिरणीत जाऊन काट्यावर चढू नये. आणि मीही चढत नव्हते, कारण आकडा खाली गेलेला असला तर काय, ही भीती मलाही होती. मोजपट्टी रोज लोकांच्या अंगावरून फिरवायची आणि स्वतःला लावायची नाही. डॉक्टरांनी परवा सगळं तपासलं, बाकी ठीक म्हणाले, फक्त साखर पुन्हा चढायला लागलीय. त्याच्या त्या तुपानं.

तेव्हा गेल्या रविवारी, महिन्याचा पहिलाच होता तो, मी ज्वारीचा डबा उचलला आणि निघाले. श्रीकांत चपला न घालता मागे. "सुमन, पुढच्या महिन्यात कर. सुमन, ऐक." गिरणीत पाच-सहा जणी होत्या. बबनरावांनी आम्हाला बघितलं आणि चालू गिरणी बंद केली. मी चप्पल काढली. श्रीकांतनं माझा पदर धरला होता, मी म्हटलं, "सोड, तुझ्या हाताचंही वजन येईल." काट्यावर उभी राहिले. त्यानं डोळे घट्ट मिटून घेतले, नेहमी बायकांसमोर ताठ राहणारा माणूस, हात जोडून उभा. बबनरावांनी या वेळी पुकारलं नाही, हळूच सांगितलं, "एकाहत्तर आठशे." म्हणजे तीन महिन्यांपूर्वीपेक्षा दोन किलो जास्त. मला रागानं रडू यायच्या बेतात होतं, तेवढ्यात श्रीकांतनं डोळे उघडले, काट्याकडे बघितलं, पुन्हा बघितलं, आणि अख्ख्या गिरणीसमोर, गालांवरून पाणी वाहत असताना, आनंदानं ओरडला,

"अगं, केवढी जाड आहेस तू अजून!"