तेराव्याला उतरलेलं यान

बाबा मंगळवारी गेले. तेराव्या दिवशी सोसायटीच्या हॉलमध्ये अवकाशयान उतरलं, आणि ते मी उतरवलं.

आईला एकच गोष्ट हवी होती : बाबांचा आवाज. मोबाइलमध्ये फोटो ढीगभर, आवाज कुठेच नाही. (बाबा फोनवरही 'हं' एवढंच म्हणायचे.) तळोज्याच्या कारखान्यात ते भजनी मंडळात गायचे आणि कपाटात त्यांच्या अक्षरातली कॅसेट होती : 'भजन, तळोजा'.

"तीच लाव," आई म्हणाली.

आधी एकदा ऐकून पाहावी, हे मला सुचलं नाही. मी पुस्तकं वाचतो. बाकीचं मला उशिरा सुचतं.

सेक्रेटरी म्हात्रेकाकांनी आपल्या करावे गावातल्या घरातून जुना टेप आणला आणि त्याला थेट गणपतीचे स्पीकर जोडले. "फुल ठेव. गेटवर पन आयकायला गेला पायजे!"

बटण दाबलं. सगळ्यांनी हात जोडले.

पन्नासेक व्हायोलिनं एकदम उसळली. त्यांच्यावरून एक यंत्र 'उंऽऽवीऽऽऊं' करत चढत गेलं. मग बुडबुडे. मग कुणीतरी इंग्रजीत दहापासून उलटे आकडे मोजू लागलं!

"कुठल्या देवाचं रं हे?" साताऱ्याहून आलेल्या आत्याने विचारलं. हात अजून जोडलेलेच.

"लिफ्ट अडकली वाटतं!" मागून दोघे जिन्याकडे पळाले.

"अलार्म हाय काय?" म्हात्रेकाका वायरी चाचपू लागले. खाली वॉचमनने पाण्याचा पंप बंद केला. आकडे शून्यावर आले, स्पीकर गडगडले आणि आत्या खुर्ची सोडून उभी राहिली.

आईने मात्र ओळखलं. "ही त्यांची चंद्रावरची रेकॉर्ड! अशा दोन कॅसेटींवर मी मालिकांची गाणी भरली होती. देवाचं नाव घातलं की मी हात लावणार नाही, हे ठाऊक होतं त्यांना. लबाड!"

"म्हणजे भजन नाहीच?"

"नाही." ती एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. आत्याही. मग सगळ्याच बायका.

मी टेपकडे धावलो. तेवढ्यात व्हायोलिनं थांबली. त्या काळी रेकॉर्ड लावून टेपरेकॉर्डर समोर ठेवत, म्हणजे घरसुद्धा भरलं जाई. कुकरची शिट्टी झाली, एक मूल किंचाळलं आणि स्पीकरमधून बाबा म्हणाले, "रडू नकोस रे जरा. रेकॉर्डिंग चालू आहे."

आत्याने पुन्हा हात जोडले.

"परत लाव," आई म्हणाली. सात वेळा लावलं.

परवा मी ती बाजू पूर्ण ऐकली. संगीत चांगलं आहे. ज्याने केलं, त्याला चंद्रावर आपलं स्वागत होईल याची खात्री असावी. माझ्या लहानपणी मात्र मला ते पटलेलं दिसत नाही. आता आमच्याकडे बाबांचं ते एक वाक्य आहे, आणि त्यानंतर बाजू संपेपर्यंत माझं भोकाड.