थोरल्या जावयाची होडी

माझे साडू प्रकाशराव यांना पोहता येत नाही. ही माहिती सुरुवातीलाच नोंदवतो, कारण त्यांच्यात काढण्यासारखी उणीव मला एवढीच सापडली आहे आणि पुढे तिचाही काही उपयोग होणार नाही.

प्रकाशराव बँकेत असतात. गेल्या वर्षी त्यांनी मोबाइलवर पाहून स्वतःच्या हाताने होडी बनवली. लाकडी पट्ट्या वाकवून, दोऱ्याने बांधून केलेला सांगाडा, खिळा एकही नाही. त्यावर जाड कापड ताणून शिवलेलं आणि कापडावर रंगाचे तीन हात. पूर्वी अशा होड्यांना जनावराचं कातडं चढवत, असंही त्यांनी सांगितलं. (मी विचारलं नव्हतं.) होडी इतकी हलकी, की काखेत मारून नेता येते. त्यांनी ती तशी नेली. आणि नेली कुठे, तर आमच्या सासुरवाडीला, वणीच्या रस्त्यावर, द्राक्षबागेच्या शेततळ्यात!

तिथे त्यांनी मामींना, म्हणजे आमच्या सासूबाईंना, होडीत बसवून फेरी मारली. उतरल्यावर मामी सगळ्या भावकीसमोर म्हणाल्या, "लय हलकी हाय गं! फुलावानी! परकाशरावांच्या हातात जादू हाय."

या घरात थोरला जावई मी आहे. पंगतीत पहिली पोळी माझ्या पानात पडते, टॉवेल-टोपीचा पहिला मान माझा, आणि मी हात धुतल्याशिवाय कोणी उठत नाही. वृत्तपत्राच्या डेस्कवर माझी हयात गेली. पहिली बातमी कोणती आणि आतल्या पानात कोणती ढकलायची, हे मला कळतं. त्या दिवशी मी आतल्या पानात गेलो होतो. घरच्या ग्रुपवर मामींचा होडीतला फोटो आला, त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. मीही अंगठा दिला. (दात-ओठ खाताना अंगठा मोकळाच असतो.)

"मीही होडी करतोय," मी घरी जाहीर केलं.

"कशाला?" बायकोने, सुनंदाने विचारलं.

"मामींना फेरी मारायला."

"तुम्हाला उशीला अभ्रा घालता येत नाही. होडीला काय कापड घालणार?"

मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. प्रतिक्रिया देण्यास नकार देणं हाही एक अधिकार असतो.

आराखडा मी स्वतः केला. त्याचं तत्त्व एकच होतं: प्रकाशरावांच्या होडीपेक्षा लांब. त्यांनी फोन करून सल्ला दिला, "दादा, रंगाचे तीन हात द्या हं. आणि प्रत्येक हात नीट वाळू द्या." त्याच क्षणी मी एकच हात द्यायचं ठरवलं.

त्यांनी लाकूड वापरलं, म्हणून मी बांबू घ्यायचा असं ठरलं. हरसूलच्या बाजारातून हिरवे, लांबलचक बांबू आणले. नाशिकला परतताना सुतळी आणि पांढऱ्या मांजरपाटाचा तागा घेतला. गाडीच्या टपावर बांबू आणि मागच्या काचेतून दिसणारं पांढरंशुभ्र कापड, अशा थाटात मी सोसायटीच्या फाटकातून आत शिरलो. वॉचमन खुर्चीतून उठला. रोज उठत नाही.

"साहेब... वहिनी सकाळीच घाईत गेल्या. माहेरी ना?"

"हो, मामींना ताप आहे."

त्याने बांबूंकडे पाहिलं, कापडाकडे पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढली. मला वाटलं, उकडत असेल.

पार्किंगमध्ये मी दोन बांबू समांतर मांडले आणि त्यांवर आडव्या कामट्या सुतळीने बांधायला बसलो. थोड्या वेळाने तळमजल्यावरचे कुलकर्णी काका आले. चपला लांब काढून ठेवल्या, शेजारी उकिडवे बसले आणि माझ्या गाठींकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "सोडा. ही गाठ अशी नसते. आणा इकडे."

त्यांनी चटाचट गाठी मारल्या. हात सराईत होता. मागून वरच्या मजल्यावरचे पाटील आले, समोरचे जाधव आले. कोणी कामट्या कापल्या, कोणी सुतळी तोडली. आमच्या सोसायटीत पाण्याची टाकी धुवायलाही माणूस मिळत नाही. होडीबद्दल लोकांना एवढं प्रेम असेल, याची मला कल्पनाच नव्हती! मनात म्हटलं, प्रकाशरावांना एकट्यालाच बसावं लागलं असणार. माझ्यामागे जनता आहे.

"कधी न्यायचं?" काकांनी खालच्या आवाजात विचारलं.

"रविवारी."

सगळ्यांचे हात थांबले. वार बुधवार होता.

"रविवारपर्यंत... ठेवणार?"

"रंग वाळायला हवा ना."

पाटलांनी जाधवांकडे पाहिलं. जाधव म्हणाले, "मुलगा बाहेरगावी असेल. यायला वेळ लागतो."

"आणि जागा? रामकुंड की..." काकांनी पुढचं सोडून दिलं.

"छे! तिकडेच, शेतावर. घरचं पाणी आहे."

"बरोबर आहे. आपल्या मातीत," काका म्हणाले आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तो त्यांनी काढलाच नाही. मला जरा अवघडल्यासारखं झालं, पण म्हटलं, कौतुक आहे, घ्यावं.

तेवढ्यात कुलकर्णी काकू झाकलेलं पातेलं घेऊन आल्या. पिठलं-भात! मी तिथेच, बांबूंच्या शेजारी बसून जेवलो. दोनदा मागून घेतलं. "काकू, पिठलं फक्कड झालंय! जरा मिरचीचा ठेचा आहे का?" काकूंनी पदर तोंडाला लावला. ठेचा मात्र आणून दिला. जाताना काकांना म्हणाल्या, "धक्का बसलाय हो त्यांना."

दुःखाच्या घरी चूल पेटवत नाहीत आणि शेजारचे पिठलं-भात नेऊन देतात, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या बातम्यांत चुका शोधल्या. पण भूक लागलेली असताना आणि डोळ्यांसमोर फक्त साडू दिसत असताना माणसाला समोरची बातमी दिसत नाही.

पुढचा भाग मला नंतर समजला. काकांकडे आमच्या सासुरवाडीचा नंबर होता. सांत्वन करावं म्हणून त्यांनी फोन लावला. तो मामींनी उचलला.

"फार वाईट झालं हो," काका म्हणाले. "आजी गेल्या."

"अरं देवा! कोन आजी?"

"सुनंदाताईंच्या आई."

"सुनंदाची आई तर मी हाय!"

पार्किंगमध्ये काय चाललंय ते काकांनी एका दमात सांगितलं आणि त्यांच्या हातातून फोन पडला. इकडे माझा वाजला.

"जावईबापू," पलीकडून मामी म्हणाल्या, "म्या जिती हाय. ताप बी उतरला."

"वा! फारच आनंदाची..."

"तुमी माझी तिरडी बांधायला घेतली म्हनं?"

मी वळून पाहिलं. दोन लांब बांबू, आडव्या कामट्या, सुतळीच्या गाठी, घडी घातलेलं पांढरं कापड. भोवती चपला काढून उभी असलेली माणसं. दिवसभरात मी ते पहिल्यांदाच पाहिलं.

"होडी आहे, मामी! तुमच्यासाठीच आहे!"

"माझ्यासाठीच हाय, त्येच तर समदे म्हनत्यात!"

शहाण्या माणसाने बांबू तिथेच सोडले असते. पण रविवारी प्रकाशराव जेवायला येणार होते. मी कामट्या वाकवून कडेला बांधल्या, वर मांजरपाट ताणून दाभणाने शिवलं, पांढऱ्या रंगाचा एक हात दिला, आणि होडी टपावर टाकून वणीचा रस्ता धरला. वाटेत समोरून येणाऱ्या एका मोटारसायकलवाल्याने नमस्कार केला. मीही केला. त्याचा नमस्कार मला नव्हता, हे पुलाच्या पुढे गेल्यावर लक्षात आलं.

शेततळ्यावर सगळे जमले होते. प्रकाशराव पुढे आले, सगळीकडून होडी पाहिली आणि म्हणाले, "छान झालीय, दादा. गाठी तर माझ्यापेक्षा भारी." (गाठी कुलकर्णी काकांच्या होत्या.)

"मामी, या. पहिली फेरी तुमची," मी हात पुढे केला.

मामींनी पदर खोचला. होडीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"नाय बाई. हिच्यात बसायची येळ आली, की तुमीच बसवाल."

भावकी हसली. प्रकाशराव हसले नाहीत, हे जास्त लागलं. मी एकटाच बसलो आणि वल्हं मारलं. होडी निघाली! तळ्याच्या मध्यापर्यंत ती खरोखर डौलात गेली, आणि मी काठाकडे विजयी नजर टाकली. त्याच वेळी पँट ओली लागली. एका हाताच्या रंगातून मांजरपाट पाणी पिऊ लागलं होतं. बघता बघता होडी माझ्यासकट कलंडली.

मला पोहता येतं. पण शेततळ्याच्या उतारावर जाड प्लास्टिकचा कागद असतो आणि त्यावर शेवाळ. मी दोन पावलं वर चढायचो आणि चार पावलं खाली घसरायचो. काठावरून सासरे, म्हणजे मामा, जिवाच्या आकांताने ओरडत होते. माझ्या नावाने नव्हे.

"कागद! अरं, कागद फाटंल! बांबू धरा, बांबू! तळं रिकामं व्हईल!"

जावयापेक्षा कागद महाग असतो, हे मला मान्य आहे.

शेवटी मला वाचवायला आले ते प्रकाशराव. पोहता न येणारा माणूस, आपल्या त्या फुलासारख्या होडीतून. मी त्यांच्या होडीची कड धरली. कापड टणक होतं, कोरडं होतं. रंगाचे तीन हात. तशाच अवस्थेत त्यांनी मला काठाला टांगलेल्या दोराशी नेऊन पोचवलं. काठावर "परकाशराव! परकाशराव!" असा गजर चालला होता.

माझी होडी पाणी पिऊन जड झाली होती. ती बाहेर काढायला चौघे उतरले. दोर लावून वर ओढली, खांद्यावर घेतली आणि बांधावरून घराकडे चालू लागले. पांढरं कापड, हिरवे बांबू, चार खांदे. मामींनी सवयीने डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले. मी ओलाचिंब, मागे मागे चाललो होतो. तेवढ्यात मेहुणा संतोष खांदा न बदलता ओरडला, "दाजी, मागं काय? पुढं व्हा! पहिला मान तुमचा!"

गेलो पुढे. थोरल्या जावयाचा मान मला अखेर परत मिळाला. मागचा एक खांदा प्रकाशरावांचा होता. घरी पोचल्यावर मामी म्हणाल्या, चौघांत सगळ्यांत चांगला खांदा त्यांनीच दिला.