मनगटाला बांधायचा पाना

लोखंडी नांगर आमच्या भागात नवे होते तेव्हा गावात ते दुरुस्त करणारा माणूस एकच, माझे बाबा. लढाईचे दिवस, नट-बोल्ट मिळायची मारामार. तरी बाबा मोडक्यातोडक्यातून काहीतरी जमवून नांगर चालता करून देत. त्या कामाचा त्यांना भारी तोरा होता, आणि मला त्यांच्या तोऱ्याचा.

मग एका हिवाळ्यात उलटलेल्या बैलबंडीखाली त्यांच्या उजव्या हाताची बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला. जखम भरल्यावर काका मायेनंच म्हणाले, "दादा, तू आता बसून खाय. आमी हावो ना." बाबा त्या दिवशी जेवलेच नाहीत.

त्यांनी पान्याला बाभळीचा लांब दांडा बसवून घेतला. मायनं जुन्या मोटेच्या चामड्याचा पट्टा त्याला शिवला. पट्टा मनगटावर आवळला की मुठीची गरज उरत नसे, खांद्याच्या जोरावर नट फिरे. आमच्या नांगराचा गंजलेला नट त्यांनी तसा सोडवला आणि ते हसले. किती दिवसांनी!

पण गावाला दयेचा पुळका आला होता. शेजारीण मायला म्हणाली, "त्याहिले कायले तरास द्यायचा, बाई? अधू हाताकून काम करून घेनं पाप हाय." जो तो आपला नांगर बंडीत घालून शेजारच्या अनसिंग गावच्या लोहाराकडे नेऊ लागला. जाताना ओट्यावर बसलेल्या बाबांना रामराम मात्र न चुकता करी. त्या रामरामाचा मला अजून राग येतो.

बाबा रोज पट्ट्याला तेल लावत आणि वाट पाहत. शेवटी मायला बघवेना. एका दुपारी तिनं आमच्याच नांगराचा नट ढिला करून ठेवला.

बाबांनी पाना बांधला, नट घट्ट आवळला, मग तिच्याकडे पाहिलं. "सोताहून सुटलेल्या नटात माती राह्यते. हा साफ हाय. कायले ढिला केला तू?"

"तुमी रिकामे बसून राह्यले म्हून," म्हणत ती रडायला लागली.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी दातांनी पट्टा सोडला आणि काकांना हाक मारली.

"यापुढं आपला नांगरबी अनसिंगलेच नेत जा."